दुसऱ्याच्या नावाने

“आणि थोरल्या डॉक्टरने ऐकलंच नाही तर?” धाकट्याने विचारलं.

“ऐकेल. न ऐकून जाईल कुठं?” दादा खुर्चीत मागे रेलला.

दोघे सख्खे भाऊ. सल्ला विकणं हा त्यांचा धंदा, निम्म्या-निम्म्या भागीचा. गिऱ्हाईक म्हणजे छोटे कारखानदार, दुकानदार, दवाखानेवाले. कुणाचं गुपित फुटू नये म्हणून दादानेच एक रीत घालून दिली होती. अडलेलं प्रकरण एकमेकांपुढे जरूर मांडायचं, पण गिऱ्हाइकाचं नाव काढायचं नाही आणि धंदाही बदलून सांगायचा. छापखाना असेल तर गॅरेज म्हणायचं.

आज धाकट्याने मांडलेल्या प्रकरणात डॉक्टर होते. दोघं भागीदार. थोरला एकेका पेशंटला तासभर बसवतो, तासावर फी लावतो, वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतो. नवे पेशंट वैतागलेत. त्यांना वर्षाची एकच ठरावीक रक्कम हवी आणि उत्तर लगेच हवं. निम्मं निदान तर आम्हाला कॉम्प्युटर फुकटात सांगतो, म्हणतात. धाकट्या डॉक्टरला दवाखान्याची घडी बदलायचीय. थोरला जागचा हलत नाही.

“माणूस चांगला दिसतो,” दादा म्हणाला. पण चांगुलपणाला बाजारात गिऱ्हाईक नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? स्वतःच्या फीच्या बाबतीत तो जुन्या वळणाचा. दुसऱ्याच्या धंद्यात मात्र त्याची कात्री सपासप चालायची. थोरल्याचे पेशंट गोडीगोडीने धाकट्याच्या टेबलाकडे वळवावेत, त्याने सांगितलं. थोरल्याला ‘मार्गदर्शक’ म्हणावं, खोली मोठी द्यावी. त्याचा हिस्सा घ्यायचा तो गेल्या वर्षीच्या मंदीच्या भावाने, नवी कमाई त्याच्या डोळ्यांत भरायच्या आत.

“आणि नाहीच म्हणाला, तर धाकट्याने पेशंट घेऊन उठावं. थोरल्याकडे मग राहतं काय? खुर्च्या.”

दादाला स्वतःच्याच वाक्याचं हसू आलं. धाकटा हसला नाही. त्याने चहाचा कप बाजूला सारला.

“दादा, डॉक्टर नाहीत ते. आपण दोघं आहोत.”

हा चेष्टा करतोय, असं दादाला क्षणभर वाटलं. वडील गेल्यावर त्याने स्वतःचं कॉलेज सोडून याला शिकवलं होतं. एवढी चेष्टा करायचा हक्क धाकट्याला होताच. पण धाकटा मान वर करेना.

मग दादाला एकेक दिसू लागलं. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन वर्षभर थेट धाकट्याकडे जात होते. भाऊ आपला भार हलका करतोय, असं सांगत तो घरी मिरवला होता. कोपऱ्यातली मोठी केबिन धाकट्याने त्याला वाढदिवसाला दिली होती. तिच्या खिडकीतून बाग दिसते म्हणून दादाने बायकोला मुद्दाम आणून दाखवली होती.

नाही म्हणालो तर, हे विचारायची सोय उरली नव्हती. त्याचं उत्तर त्याने नुकतंच हसत हसत दिलं होतं.

“पण केबिन तर तू मला मागच्याच वर्षी दिलीस,” तो हळू आवाजात म्हणाला. “सल्ला मी आत्ता दिला.”

“आत्ता फक्त किंमत आणि नकार, एवढंच विचारायचं राहिलं होतं,” धाकटा म्हणाला. “मागच्या वर्षी मी मांडलेले ते बेकरीवाले भाऊ आठवतात? घाई करू नको, थोरल्याला मोठी जागा दे, वर्षभर गोड बोलत राहा, असं तू मला त्यांच्यातल्या धाकट्याला सांगायला लावलंस. मी वर्षभर गोड बोललो, दादा.”