दसऱ्याला घासलेलं पिंप

जानकीने पिंपात डोकं घातलं आणि तारेची घासणी जोर लावून फिरवली. काळ्या खपल्या सुटून तिच्या बांगड्यांवर पडू लागल्या. तिचा नवरा विद्याधर हार आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेला होता. तो यायच्या आत उरकायचं होतं.

कांजूरमार्गच्या त्या बैठ्या चाळीत दारापुढे जेमतेम एक खाट मावेल एवढी जागा, आणि ती या पिंपाने अडवलेली. तो त्याला स्मोकर म्हणायचा. विद्याधर ग्रिल-गेटच्या कारखान्यात वेल्डर. मोबाइलवर बघून बघून होळीच्या सुमारास त्याने ते स्वतःच बनवलं. तेलाच्या पिंपाला झाकण, बिजागऱ्या, आत जाळी, बाजूला लाकडं जाळायचा डबा, वर धुराडं. कोंबडी टांगायची आणि धुरावर शिजू द्यायची. तेव्हापासून रविवारी सकाळी तो पिंपाशी बसला की दुपारीच उठायचा. मग आतून पुसून तेलाचा हात द्यायचा. पुसायला कापड कुठलं, तर जानकीची जुनी सुती साडी फाडलेली.

"आत साबण लावायचा नाही कोणी," त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "हा काळा थर म्हणजेच चव. बसायला महिने लागतात."

पूर्वी रविवारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा. मटणाचा वास सुटला की तळहात पुढे करायचा. जानकी पळीतला थेंबभर रस्सा त्यावर टाकून म्हणायची, मीठ बघा. मीठ कधी चुकलेलं नसायचं. आता तो हात पुढे येत नव्हता. त्यात गेल्या महिन्यात धाकटा दीर नितेश जेवून उठताना म्हणाला, "वहिनी, मज्जा आहे तुमची. रविवारी सुट्टी." सगळे हसले. तीही हसली, आणि आत जाऊन डोळे पुसून आली. लोखंडाच्या डब्यावर जळणारी बाई जगात दुसरी नसेल, हे तिला कळत होतं. पण कळलं म्हणून जळणं थोडंच थांबतं.

शेजारची रत्नप्रभा नळावरून कळशी घेऊन येताना थबकली. "काय गो, सवतीक न्हाऊक घालतंस?"

"दसरो आज. हत्यारां धुवूक नकोत?" जानकी पिंपातूनच म्हणाली.

रत्नप्रभा हसत घरात गेली. जानकीने सोड्याचं कढत पाणी ओतलं, चिंच लावली, पुन्हा घासलं. बोटं सोलवटली तेव्हा कुठे आतला पत्रा नव्या ताटासारखा दिसू लागला. मग तिने पाट मांडला. त्यावर हातोडा, पाना-पक्कड, ड्रिल, तिची विळी आणि सासूने दिलेला बिडाचा तवा. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पिंपालाही पाच बोटं ओढली.

विद्याधर आला तो पिंपाशीच थांबला. त्याने झाकण उघडलं, आत हात फिरवला. बोटं कोरडी आणि स्वच्छ निघाली.

"दसरा ना," ती म्हणाली. "म्हटलं, सगळंच घासून काढावं."

तो ओरडेल म्हणून ती सकाळपासून तयारीत होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण कुंकू लावलेल्या वस्तूपाशी, सणाच्या दिवशी, तो काय ओरडणार? त्याने पिंपाला हार घातला. मग पाटाशी बसून एकेका हत्यारावर झेंडूचं फूल ठेवत गेला. तव्यापाशी त्याचा हात थांबला. तवा नेहमीसारखाच काळाभोर, तुकतुकीत होता.

"हा नाही घासलास?"

"त्याला घासणी लावतात होय? घावणे चिकटतील नंतर," जानकी पटकन बोलून गेली.

आणि तिची नजर पिंपाकडे गेली. विद्याधरने फूल तसंच हातात धरून तिच्याकडे बघितलं. जानकीने सोलवटलेली बोटं पदराखाली घेतली. होळीपासून तो तिच्याकडे इतका वेळ कधी बघत राहिला नव्हता.