आधी बांधलेली खुर्ची

पायांत बळ नसलेली पोशी आज पहिल्यांदाच चाकाच्या खुर्चीवरून खोडाळ्याचा बाजार फिरणार होती. दरवेळी तिची जाऊ कमू बांगड्या आणायची. आज पोशी स्वतः निवडणार होती. जीपवाल्या फागूने कौतुकाने तिची खुर्ची टपावर सगळ्यांत आधी बांधली. वाटेत पाड्यापाड्यातून नागलीची, म्हणजे नाचणीची, पोती खुर्चीवर चढत गेली. खोडाळ्यात सगळे उतरले. "माझी खुर्ची?" पोशीने विचारलं. फागूने डोकं खाजवलं. "पोती पुढे मोखाड्याला उतरतील, मग खुर्ची." "अन् बाजार?" "तू कशाला दगदग करतेस? बस निवांत!" कमू म्हणाली. तिने पोशीचा पंजा दाबून माप घेतलं आणि ती गर्दीत शिरली. निळ्या हव्यात, हे पोशीने सांगितलंच नाही. सांगून मागवायच्या नव्हत्याच तिला. जीपच्या खिडकीतून बांगडीवाल्याची फक्त ताडपत्री दिसत होती. कमूने आणलेल्या हिरव्या बांगड्या पोशीच्या हातात अगदी बरोबर बसल्या.