बिनकोळशाचा प्रयोग

आरशात दाबमापकाची सुई उलटी दिसते. भांडं विटांच्या भिंतीपलीकडे, आत हायड्रोजन. फुटलंच तर समोर माणूस नको, म्हणून आरसा टांगलेला. सुई उजवीकडे सरकली की दाब उतरतोय असं समजायचं. आता ती केसभर उजवीकडे सरकली होती.

कस्तुरीने पुन्हा पाहिलं. भट्टीचं तापमान स्थिर होतं. सांधे तिने सकाळीच साबणाच्या पाण्याने तपासले होते, गळती नव्हती. सुई सरकायला नको होती.

त्र्याण्णवच्या डिसेंबरमधला रविवार. प्रयोगशाळेत कोणी नसणार, म्हणूनच तिने आजचा दिवस निवडला होता. पोलादी भांड्यात नेहमीचं सगळं घातलं होतं: डांबरापासून काढलेलं जड तेल, उत्प्रेरक, हायड्रोजन. फक्त कोळसा घातला नव्हता.

लिग्नाइट हा कच्चा, ओलसर, तपकिरी कोळसा. जड तेलात कालवून, तापवून त्याला हायड्रोजन दिला की त्याचे मोठे रेणू तुटतात आणि पेट्रोलसारखं हलकं तेल मिळतं. तिचा प्रबंध यावरच उभा होता. पण कालवायला घेतलेलं तेलही हायड्रोजन घेतं, तेही तुटतं. मग शेवटी हाती येतं त्यात कोळशाचं किती? कोळशाशिवाय एकदा प्रयोग केला असता तर कळलं असतं. ती आपल्या मार्गदर्शकांना, नरसिंहराव सरांना, कधीपासून विचारत होती. दोघंही बेळगावकडचे, सगळ्या विभागात मराठी बोलणारे दोघंच. सर हसून म्हणायचे, "करू की गं. पळून चाललाय काय तो प्रयोग?"

सुई जागेवर राहिली असती तर ती मनातल्या मनात सरांची क्षमा मागून घरी गेली असती. सुई आणखी सरकली.

बाहेर स्कूटर थांबली. नरसिंहराव आत आले, मागोमाग गुरुराज. लिग्नाइटपासून तेल काढायचा कारखाना ज्या कंपनीला उभारायचा होता, तिचे हे मुख्य अभियंते. उद्या करारावर सही व्हायची होती, ती याच प्रयोगांच्या आकड्यांवर.

"रविवारी पण काम? शाब्बास!" सरांची नजर आरशाकडे गेली आणि चेहरा उजळला. ते गुरुराजांशी कन्नडमध्ये बोलू लागले. "बघा, दाब उतरतोय. तहानलेली म्हैस पाणी पिते तसा कोळसा हायड्रोजन पितोय."

"मग माझ्या स्कूटरला पाजायचं का हे तेल?"

"स्वल्प थांबा, आत्ता काढून दाखवतो."

"सर, आज नको," कस्तुरी म्हणाली.

"का? गळती आहे?"

"नाही."

"मग झालं तर." सरांनी भिंतीतून बाहेर काढलेली झडप जराशी फिरवली. वाफ थंड नळीतून गेली आणि बाटलीत थेंब पडू लागले. फिकट पिवळे, स्वच्छ. तेल बाटलीवरच्या नेहमीच्या रेघेजवळ येऊन थांबलं. कस्तुरीने रोजच्यातून आजचं वजा करून पाहिलं. कोळशाच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

गुरुराजांनी वास घेतला. "पेट्रोलच की सार!"

"सर," ती मराठीत म्हणाली, "आत कोळसा नाही."

सरांचं हसू हललं नाही. झडपेवरचा हात तेवढा थांबला. "म्हणजे?"

"मी घातलाच नाही. हे आपणच ओतलेल्या तेलाचं तेल आहे."

भट्टीचा पंखा घरघरत होता. सर गुरुराजांकडे बघत, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, मराठीत म्हणाले, "चेहरा नीट ठेव. उद्या सही होऊन जाऊ दे, मग आपण दोघं बसून बघू. तुझा प्रबंध पण याच आकड्यांवर आहे, बाळ."

आवाजात राग नव्हता. जेवायला घरी बोलावताना असायचा तोच आवाज होता.

"एनंते, सार? काय म्हणतेय ती?" गुरुराजांनी विचारलं.

"पुढच्या खेपेचा कोळसा याहून चांगला आहे म्हणते," सर कन्नडमध्ये म्हणाले.

गुरुराजांनी खुशीत मान डोलावली. बाटलीला बूच लावलं. "ही मी नेतो. आमच्या साहेबांना आजच दाखवतो."

कस्तुरीने हात पुढे करून बाटली धरली. वसतिगृहात आणि मल्लेश्वरमच्या बाजारात शिकलेलं तिचं कन्नड कच्चं होतं. ‘आत कोळसा नाही’ हे सरांना मराठीत सांगितलेलं वाक्य तिने मनात एकदा कन्नडमध्ये जुळवून पाहिलं. सरांकडे पाहिलं नाही.

"सार," ती गुरुराजांना म्हणाली, "ओळगे कल्लिद्दलु इल्ला."