रजेवरून परतलेला शिपाई

मेढ्याचा ज्ञानू शेलार पहिल्या महायुद्धात लढायला गेला, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तो पलटणीतून पळाला, असं त्याच साली पलटणीतून घरी आलेला त्याचा थोरला भाऊ लालासाहेब गावभर सांगायचा. ज्ञानूच्या मुलाला, आकारामला, तो चारचौघांत डिवचायचा, "पळपुट्याच्या पोरा, मिशीला कशाला पीळ देतोस रं?"

१९४४ साली आकारामनं पलटणीच्या दफ्तराला अर्ज केला. उत्तर आलं तेव्हा चुलत्याला ऐकवायचंच म्हणून आईला, रंगूबाईला, घेऊन तो चावडीवर गेला.

मास्तरांनी वाचलं, "ज्ञानू शेलार नावाचा माणूस आमच्याकडे कधीच भरती झालेला नाही."

"म्हंजे पलटणीपत्तुरबी पोचला न्हाई!" लालासाहेब खदाखदा हसला.

"थांबा, पुढं आहे," मास्तर अडखळले. "त्याच घरचा शिपाई लालासाहेब शेलार मात्र रजा संपताच हजर झाला आणि १९१६ साली बसऱ्याच्या आघाडीवर मारला गेला. घरी तसं तेव्हाच कळवलं आहे."

 

रंगूबाईनं भर चावडीत कपाळाचं कुंकू पुसलं. "भावजी, रजा तुमची संपली हुती आनि तुमच्या नावानं माझं मालक गेलं. तवाचा कागद कुठं दडवला?"