इकिरिंगचं बेणं

हे सातवं मूळ. अगुतीनं कोयत्यानं मधोमध चिरलं. आत तपकिरी, कुजलेलं. वर मात्र कसाव्याची पानं हिरवीगार! मेल्या रोगाची लबाडी ती हीच. तिच्यात आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

बांधावर तिची लेक आसिओ बेण्याच्या काड्या बांधायला दोर घेऊन बसली होती. लग्नानंतरचं तिचं पहिलं शेत नांगरून तयार होतं, आणि पहिल्या शेताचं बेणं माहेरून न्यायचं ही गावची रीत. मोकळ्या हातानं परतली तर सासू जन्मभर ऐकवणार.

"बेणं नाही देणार, बाई," अगुती म्हणाली. "रोग आहे. सगळं जाळायचंय."

"रोग? या पानांना?" आसिओ ताडकन उठली. "चार मुळं कुणाच्या शेतात कुजत नाहीत? द्यायचं नसेल तर सरळ सांग ना, आई! इकिरिंगमावशीसारखी सोंगं कशाला?"

दोर तिथंच फेकून ती तरातरा निघून गेली.

 हे तर अगुतीचेच शब्द होते. पाच वर्षांपूर्वी असाच दोर घेऊन ती इकिरिंगच्या दारात गेली होती. "गोवर आलेलं पोर आपण दुसऱ्याच्या अंगणात खेळायला पाठवतो का? तसंच हे बेणं," असं म्हणून इकिरिंगनं नकार दिला आणि उभं पीक पेटवलं. द्यावं लागू नये म्हणून पीक जाळणारी बया! अगुतीनं ते गावभर केलं. त्या दिवसापासून गाव भोवती बसून प्यायचं त्या नाचणीच्या दारूच्या मडक्यात सगळ्यांच्या लांब नळ्या असायच्या, इकिरिंगची तेवढी नसायची. अगुतीनं मग बाजारातून बेणं आणलं होतं. तेच हे.

दुपार कलल्यावर ती दोर उचलून निघाली. पाय ओढत पाणथळ जागा ओलांडली. इकिरिंग दारात कसावा सोलत होती. कंद पांढरेशुभ्र होते. ती "ये" म्हणाली नाही.

"तुझं खरं होतं गं," अगुती म्हणाली. "माझ्या जिभेनं तुझं वाटोळं केलं. मला नको देऊस. आसिओला दे."

सोललेला एक कंद अगुतीनं उचलून पाहिला.

"तुझं एवढं निरोगी राहिलं तरी कसं?"

"जाळल्यावर सरकारी शेतातून नवीन आणलं," इकिरिंग म्हणाली. मग थकल्यासारखी हसली. "आणि त्यानंतर पाच वर्षांत या शेतात एकही बाई आपल्याकडचं रोगट बेणं घेऊन आली नाही. तुम्ही मला वाळीत टाकलंत ना, त्यानंच ते वाचलं. आण तो दोर इकडे."