पंख्याची तक्रार

"ते यंत्र तरी बंद कर, नाहीतर मी घराबाहेर जातो," नवरा दारात उभा राहून म्हणाला.

तिनं हेडफोन काढून गळ्यात घेतले. "काय म्हणालात?"

"आवाज. तुझ्या कॉम्प्युटरचा आवाज."

त्याला निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. ती मात्र याच खोलीत, याच टेबलाशी अकरा वर्षं काम करत होती. सभांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्द न् शब्द टाइप करून द्यायचा. अकरा वर्षांत या कॉम्प्युटरनं कुणाची झोपमोड केली नव्हती. नवरा घरी बसला आणि तो लगेच घरघरायला लागला.

"माझं काम खुपतंय तुम्हाला," ती म्हणाली. "सरळ तसं म्हणा ना."

"कामाबद्दल कोण बोललं?" तो म्हणाला आणि वळता वळता पुढचं काहीतरी पुटपुटला. हल्ली ही त्याची सवयच झाली होती. टोमणा मारायचा तर मारावा माणसानं तोंडावर, अर्धा गिळायचा कशाला?

तरी तिनं ठरवलं, तक्रारीला जागाच ठेवायची नाही. दोन आठवडे ती फावल्या वेळात कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज कमी कसा करायचा ते वाचत बसली. पंख्याऐवजी पाण्यानं थंड करण्याची सोय तिला पटली नाही. पाणी खेळवायचं म्हणजे पंप आला, आणि पंप आला की त्याची कुरकुर आली. चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानंही तेच सांगितलं. मध्यमवयाचा, चष्मा कायम कपाळावर चढवलेला माणूस.

"छोटा पंखा जीव तोडून पळतो, ताई, म्हणून ओरडतो," तो म्हणाला. "बशीएवढा मोठा घ्या. सावकाश फिरेल आणि हवा तेवढीच देईल. मी येतो बसवायला."

"माझी मी बसवीन," ती म्हणाली.

आणि बसवलाही. चिपवरचा, उष्णता वाहून नेणारा जुना, वाळलेला लेप पुसून काढला, मटाराएवढा नवा लावला, त्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा ठेवून स्क्रू आळीपाळीनं आवळले. पंख्याच्या चारही कोपऱ्यांना रबर घातलं. काम करताना पंच्याऐंशीवर जाणारं तापमान साठावर येऊन थांबलं. तिनं कान देऊन पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

मग नवऱ्याला बोलावलं. तो मिनिटभर उभा राहिला.

"वाढलाय," तो म्हणाला.

"काय वाढलंय?"

"आवाज. आधी घरघर होती, आता खडखड आहे. तुला खरंच त्रास होत नाही?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन आठवडे डोळे फोडून घेतले, हात काळे केले, त्याचं हे फळ. त्यात त्याच दिवशी ऑफिसातून तिचं टाइप केलेलं काम परत आलं होतं. 'आठ'च्या जागी 'साठ' लिहिलं म्हणे. बोलणारे तोंडात गोळी धरून बोलतात, रेकॉर्ड करणारे फोन टेबलाखाली ठेवतात, आणि खापर फुटतं टाइप करणारीच्या डोक्यावर. आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली तरी धड शब्द लागत नाही. बाहेरचे तसे, घरातले असे.

ती तडक दुकानात गेली.

"उद्या घरी या," ती दुकानदाराला म्हणाली. "आणि जे असेल ते यांच्यासमोर सांगा. माझी बाजू घेऊ नका. खरं तेवढंच सांगा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो आला. तिनं नवऱ्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. "बसा. आज काय तो निकाल लागू दे." कॉम्प्युटर चालूच होता. ती हाताची घडी घालून बाजूला उभी राहिली.

"हं, भाऊ. सांगा."

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा खाली मान घालून बसला होता. जिंकायला आलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

दुकानदार गुडघ्यांवर बसला. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं, आत एक बोट घातलं आणि एक वायर मागे सारून अडकवली.

"ही वायर पात्यांना लागत होती, ताई," तो मोठ्यानं म्हणाला. "खाली जिन्यातच ऐकू आली मला खडखड. आता थांबली, बघा."

ती वाकली. पंख्याशी अगदी कान नेला. मघाशी होती तीच शांतता होती.