सातवं गाणं

"पहिल्याच अल्बममध्ये बापाची अब्रू काढतेस? ते सातवं गाणं वगळ," अण्णा स्टुडिओत शिरताच गरजले.

"आधी ऐका तर," केतकी म्हणाली. नवा अल्बम घरातल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांत आधी ऐकायचा, ही रीत तिने मोडली नव्हती.

ध्वनिमुद्रक सामंतांनी अण्णांच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या. "सांभाळून, साहेब. गाताना तिच्या अंगाला जे आठवलं, तेच तुमच्या अंगाला जाणवेल."

"तीस वर्षं गाणी ऐकतोय मी," अण्णा हसले.

सातव्या गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला त्यांची पाठ ताडकन वाकली. न दिसणारा कमरेचा पट्टा खांद्यावर, बरगड्यांवर, गालावर कडाडला. दाताखाली ओठ फुटून रक्त आलं. खुर्चीवरून कोसळून त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. दहा वर्षांची केतकी झाकायची, अगदी तसंच.

"बास! बास कर, पोरी!"

सामंत बटणाकडे धावले. केतकीने त्यांचा हात कडवं संपेपर्यंत धरून ठेवला आणि मग स्वतःच गाणं थांबवलं.

"इतक्या जोरात नव्हतो मारत मी," अण्णा धापा टाकत म्हणाले.

सामंतांनी खाली वाकून त्यांच्या पट्ट्या सोडल्या. "साहेब, नियमाप्रमाणे आम्हाला वेदना निम्मी करूनच द्यावी लागते."

सातवं गाणं अल्बममध्ये राहिलं.